शिकाऊ सुतार पाहिजेत

शहरात शिकाऊ सुतारांच्या जागा वाढल्या. पण नवख्यांनाच संधी मिळावी म्हणून अट घातली होती, अवजाराला आजवर हात लागलेला नको. एका सुताराच्या धाकट्या लेकीचा तर सारा जन्म बाबांच्या हाताखाली लाकूड तासण्यात गेलेला. आता बाबा अंथरुणाला खिळले होते, दुकानाला कुलूप लागलं होतं, आणि शिकाऊपण संपल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राशिवाय तिला कुणी दारात उभं करत नव्हतं.

मग तिने सोंग घेतलं. निवडीला आलेल्या साहेबांसमोर करवत उलटी धरली, रंध्याने चांगल्या फळीची पार वाट लावली. शिकवायला नेमलेले म्हातारे मिस्त्री कळवळले, "पोरी, त्या लाकडाने तुझं काय घोडं मारलंय गं?"

साहेब मात्र खूश. "अगदी कोरी पाटी! घ्या हिला."

सुटले बाई एकदाची, मनाशी म्हणत तिने रंधा खाली ठेवला, बाबांनी शिकवल्यासारखा, पात्याची धार जाऊ नये म्हणून अलगद कुशीवर. मिस्त्रींची नजर नेमकी तिथेच गेली.



साहेबांची पाठ वळली, तसा मिस्त्रींनी तो रंधा उचलला आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा, नवख्यासारखा, धार खाली करून ठेवला.