खांद्या

मान न हलवता कुपाकने फक्त डोळे वर केले. पलीकडे, बर्फातल्या दुसऱ्या भोकावर कुणीतरी वाकून बसलं होतं.

कुणीतरी कशाला. उलायुकच.

गोठलेल्या समुद्रावरून कंबरभर उंचीची हिमधूळ वाहत होती. तिच्यातून दिसत होती ती नुसती एक पिवळट, केसाळ पाठ. तसला जुनाट कातडी अंगरखा गावात आता एकट्या उलायुकच्याच अंगावर होता. बापाचा. जन्मात झटकला नसेल.

भोकावर बसलं की बोलायचं नसतं. खोकायचं नसतं, पाय बदलायचा नसतो. खाली पाण्यात सीलला सगळं ऐकू जातं. म्हणून कुपाक मनातच बोलला.

— का आलास?

—

— चारचौघांत सांगितलं होतं ना, मी एकटा जाणार म्हणून?

—

— बस, बस. तुला बसता येतंय कुठे! मागच्या वेळी ढुंगण वर केलंस आणि आलेला सील पळाला.

—

दोघांच्या आयांनी ते पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं: याने सील मारला की एक खांदा त्याचा, त्याने मारला की एक खांदा याचा. असे जोडीदार एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. दोघंही एकमेकांना ‘खांद्या’च म्हणायचे. आणि तो सील पळाला त्या संध्याकाळी, भर दुकानात, कुपाक म्हणाला होता,

“उलायुक, आजपासून मला नावाने हाक मारायची. शिकारीला मी एकटा जाणार.”

 एका बाईने हातातलं दूध परत फळीवर ठेवलं. मयतातही विनोद करणाऱ्या उलायुकने नुसती टोपी कानांवर ओढली.

“बरं,” तो शेवटी म्हणाला. “कुपाक.”

तेव्हापासून कुपाक एकटा येत होता आणि रिकामा परत जात होता. एका सीलची श्वास घ्यायची भोकं पुष्कळ. माणूस एका भोकावर बसतो, सील दुसऱ्यातून नाक काढून जातो. काल बायकोने, कमानिकने, रिकामी घसरगाडी बघितली आणि विचारलं, “काय आणलंत आज? वारा? आणा, शिजवते.”

आज सील मिळाला तर उलायुकची गरज कायमची संपणार होती. नाही मिळाला तर खाली मान घालून त्याच्या दारात जायचं होतं.

आणि हा इथे हजर.

सूर्य सरकला. पाठ सरकली नाही. कुपाकच्या पायांतला जीव गेला, गुडघे कळवळले. समोरची पाठ मात्र बर्फातून उगवल्यासारखी. उलायुक इतका छान कधीच बसला नव्हता. कुणीच बसलं नव्हतं. कुपाकच्या बापालाही असं बसता आलं नसतं.

— शिकलास की रे.

—

— थंडी नाही वाजत?

—

— माझ्यासाठी शिकलास?

—

पाठ किंचित, अगदी किंचित पुढे झुकली. तिकडे खाली काहीतरी बिचकलं असणार. कारण थोड्या वेळाने इकडे, कुपाकच्या भोकात सीलची चाहूल लागावी म्हणून सोडलेली हाडाची बारीक काडी थरथरली. वर आली.

त्याने भाला मारला.

भाल्याची दोरी हाताला काचली. त्याने भोक फोडून मोठं केलं, सील वर ओढला, रीतीप्रमाणे त्याच्या तोंडात वितळलेल्या बर्फाचं पाणी सोडलं. मग बसून राहिला. पलीकडे कुणी नसतं तर सील तिकडूनच श्वास घेऊन गेला असता. हे त्याला कळत होतं. कळू नये असंही वाटत होतं.

शेवटी त्याने सुरी काढली. एक खांदा सोडवला आणि चालत निघाला. बंदूक बर्फाच्या टेकाडामागे, घसरगाडीत होती. आपल्या माणसाकडे जाताना कोण बंदूक घेतो?

“खांद्या!” तो ओरडला. इतक्या दिवसांनी तो शब्द तोंडातून नीट निघेना. “अरे, घे तुझं! दुकानातलं ते विसर. ऊठ आता, बर्फाला चिकटलास की काय?”

पाठ उठली. उठतच राहिली.

उलायुक इतका उंच नव्हता.

धूळ खाली बसली. काळं नाक, काळे डोळे, आणि त्यांच्याभोवती तो सगळा पांढरा डोंगर दोन पायांवर उभा. कुपाक पळाला नाही. भीती होती, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्याच्या छातीत मावत नव्हतं. दिवसभर त्याने याच्याशी भांडण केलं होतं. याला माफही करून टाकलं होतं.

आणि हाक मारली होती. मारलेली हाक परत कशी घेणार?

त्याने गुडघे टेकले. खांदा बर्फावर ठेवला आणि पाठ न फिरवता मागे सरत गेला, पार सीलच्या पलीकडे.

अस्वल चार पायांवर उतरलं. आलं. त्याने खांदा हुंगला. मान वर करून उरलेल्या सीलकडे पाहिलं. त्यातून अजून वाफ निघत होती. मग कुपाककडे पाहिलं, बराच वेळ.

त्याने खांदा उचलला. नुसता खांदा. आणि पुन्हा उठलेल्या हिमधुळीत शिरलं.

संध्याकाळी उलायुकने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात अर्धा खाल्लेला पाव होता. दिवसभर तो घरातच होता.

“काय काम काढलंस, कुपाक?”

कुपाकने घसरगाडीकडे बोट दाखवलं. उलायुक पायरी उतरला, सील उलटा-सुलटा करून पाहिला.

“एकट्याने मारलास?”

“नाही.”

“एक खांदा कुठाय याचा?”

“खांद्याने नेला.”

उलायुकचा चेहरा पडला. आपल्या जागी दुसरा कुणी आला, एवढंच त्याला कळलं. तो पाव चावायला विसरला. “आणि हा दुसरा?” त्याने हळूच विचारलं.

“हाही,” कुपाक त्याच्या हातात सुरी देत म्हणाला, “खांद्याचाच.”