सासऱ्यांचा खोकला

सासरे खोकले, की सासूबाई सुनेने आणलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांकडे संशयाने बघत आणि काढ्यात ज्येष्ठमधाची आणखी एक कांडी टाकत. सासऱ्यांचं ब्लडप्रेशर चढलं, की मेडिकल चालवणारी सून त्या काढ्याकडे संशयाने बघे आणि गोळी वाढवे. दुसरीच ह्यांच्या जिवावर उठलीय, याची दोघींनाही खात्री होती.

शेवटी कंटाळून सासरेच दोघींना घेऊन डॉक्टरांकडे गेले.

“खोकला या गोळीमुळे येतोय आणि प्रेशर ज्येष्ठमधामुळे चढतंय,” डॉक्टर म्हणाले. “दोन्ही बंद. मी दुसरी गोळी देतो.”

परतताना गाडीत दोघी पहिल्यांदाच एकमेकींना खेटून बसल्या.

“हा डॉक्टर मला काही धड वाटत नाही गं,” सासूबाई कुजबुजल्या.


“मला तर त्याच्या पाटीवरूनच संशय आला होता, आई.”