आठ बटाट्यांचं बेणं

टोपली टेबलावर ठेवली तेव्हा थोडी माती सांडली. ती कोणी पुसली नाही.

"बसा," मुलीचे वडील म्हणाले.

चष्म्याच्या दुकानातला तो मुलगा खुर्चीच्या कडेवर बसला.

मुलीचे वडील जन्मभर वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ते बाजारात दिसले की दुकानदार तराजूला लावलेलं बोट अजून काढून घेत. मुलीसाठी आलेली तीन स्थळं त्यांनी "वजनात कमी" म्हणून परत धाडली होती. हे चौथं मुलीनं स्वतः शोधलेलं. हा गेला तर मी पुन्हा कोणासमोर बसणार नाही, असं तिनं आईला बजावून ठेवलं होतं. बापाचाच हट्ट तिच्यात उतरला होता, त्यामुळे आईला तिचं म्हणणं खरं वाटत होतं.

तीन महिन्यांपूर्वी निरीक्षकांनी मुलाला एकच अट घातली होती. कापडी पिशवीत आठ बटाट्यांचं बेणं दिलं आणि म्हणाले, "घरामागे जागा आहे ना तुमच्या? लावा. येईल ते घेऊन या. लग्नाचं मग बोलू."

आज तो आला होता, नऊ किलो बटाटे घेऊन.

निरीक्षकांनी एक बटाटा उचलला, अंगठ्यानं माती खरवडली.

"अख्खे लावले की कापून?"

"कापून, काका. प्रत्येक फोडीला दोन-दोन डोळे ठेवले."

"डोळ्यांच्या धंद्यातले तुम्ही. तेवढं जमायलाच हवं."

हे हसण्यासाठी होतं की नाही ते कळेना, म्हणून कोणी हसलं नाही.

"कापल्यावर?"

"राख चोळली. दोन दिवस सावलीत सुकवल्या फोडी."

"मातीची भर?"

"दोनदा दिली. बटाटा उघडा पडला तर ऊन लागून हिरवा होतो ना."

"फुलं?"

"पांढरी."

उत्तरं कशी खणखणीत येत होती. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. प्रत्येक उत्तराला तिचे खांदे थोडे थोडे सैल होत होते. त्याच्या नखांत अजून माती होती, तीही तिनं पाहून घेतली.

निरीक्षक खूश दिसत होते. ते खूश दिसले की मुलगी सावध होई. बाजारातही ते असेच हसायचे, खोटं वजन हाताला लागलं की.

"छान," ते म्हणाले. "आता माझं ऐका. ते आठही बटाटे तुम्हाला देण्याआधी मी उकळत्या पाण्यात टाकले होते. चांगली पाच मिनिटं. त्यातला एकही डोळा फुटणं शक्य नव्हतं. मला बटाटे नकोच होते, साहेब. रिकामी टोपली घेऊन येईल असा माणूस हवा होता."

मुलाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"तू मधे बोलू नकोस." मग ते मुलाकडे वळले. "चपला दाराबाहेर आहेत तुमच्या. टोपली घेऊन जा, महिनाभर पुरेल."

मुलगा उठला. त्याचा हात टोपलीच्या कडीपर्यंत गेला असेल-नसेल, तोच स्वयंपाकघरातून मुलीची आई बाहेर आली. हात ओलेच होते.

"अहो, कुठले आठ? ओट्यावरचे?"

"हो. ओट्यावरचे."

"ते तर त्याच दिवशी आपण खाल्ले."

निरीक्षकांनी चष्मा काढला.

"तुम्ही म्हणालात, बेण्याचे आठ बटाटे पिशवीत भर. बघते तर भांड्यात पाणी गरम, बटाटे गरम. बेणं कोणी उकळतं का? म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी स्वयंपाकाला हात लावलाय, कशाला नावं ठेवा? ते मी पुरते उकडले आणि जेवायला वाढले. पिशवीत माझ्या खोक्यातले घातले. चांगले मोड आलेले, निवडून."

"मला आठवत नाही जेवलेलं."

"तुम्हाला कधी आठवलंय? दोनदा मागून घेतलेत."

"शपथ?"

"तुमच्या तराजूची."

मुलगा मुलीच्या आईकडे डोळे विस्फारून बघत राहिला. तिनं मात्र त्याच्याकडे पाहिलंही नाही. पदराला हात पुसत ती आत गेली.

निरीक्षकांनी चष्मा पुन्हा घातला. मग उठले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी तुला खोटा म्हणालो," ते म्हणाले. अहो-जाहो गेलं होतं. "चूक माझी. माप माझंच खोटं निघालं. लग्नाची तारीख तुम्ही दोघं ठरवा."

मुलगी रडली, हसली, पुन्हा रडली. समोरच्या घरात निरीक्षकांचे थोरले भाऊ राहत. त्यांना आत्ताच्या आत्ता सांगायचं म्हणून ती बापाचा हात धरून त्यांना ओढतच घेऊन गेली.

मुलानं टोपली उचलून स्वयंपाकघरात नेली. आई नळाखाली भांडी विसळत होती.

"काकू," तो म्हणाला. "तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. ती पिशवी माझ्या स्कूटरच्या डिकीतच राहिली होती. महिन्यानं वास यायला लागला तेव्हा आठवण झाली. हे सगळे बाजारातले आहेत. काल बसून कुंडीतली माती चोळली त्यांना. काका उकळत्या पाण्याचं बोलले आणि मला वाटलं, संपलं. आणि तुम्ही... माझ्यासाठी इतकं सहज खोटं बोललात."

आईनं नळ बंद केला.

"मी कुठे खोटं बोलले?"