जाऊबाई वाफ्याशी बसली तेव्हा

थाप वाटली तर वाटू दे, पण दोन उन्हाळे मी बागेला थेंबभर पाणी घातलेलं नाही. नुसता पाचोळा अंथरते, तरी वांगी कशी तुकतुकीत!

धाकटी जाऊ जळायची. "चोरून मोटर लावता ना, ताई? तक्रार करून तुमचा नळच तोडायला लावते."

"बस गं वाफ्याशी संध्याकाळपर्यंत. बघ, मग खुशाल कर तक्रार."

बसली. कपाळावर घाम आला की लगेच नाहीसा व्हायचा. तांब्याभर पाणी प्यायली, तरी ओठ कोरडेच. तिच्या शेजारची वांगी मात्र फुगत होती.

"पटलं बाई," शेवटी ती खरखरत म्हणाली. "नाही करत तक्रार."

मी खुशीत तिला उठवायला हात धरला. वाळक्या शेंगेसारखा हलका लागला, आणि आत बिया खुळखुळल्या.