सतरा नंबर

वहीतल्या सतरा नंबरच्या ओळीवर लाल शाईची आडवी रेघ होती. बाजूला बाबांच्या अक्षरात एकच शब्द, 'वगळावा'. कारण लिहिलेलं नव्हतं.

"हेच अडतंय, ताई," बाबांचा सहायक शिवम रागिणीला म्हणाला. जीपनं मूर्तिजापूर मागे टाकलं होतं. "अहवाल पुढच्या आठवड्यात समितीपुढे जाईल. खारपाणपट्ट्यातल्या खाऱ्या पाण्यानं माणसांची मूत्रपिंडं बिघडतात, हे सरांचं बारा वर्षांचं म्हणणं. गावातल्या चाळीस जणांचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासलं. बहुतेकांचे आकडे चढत गेले. सतरा नंबर मात्र जिथल्या तिथे. तेच गाव, तीच विहीर, आणि बाई ठणठणीत. नेमकी तीच ओळ सरांनी खोडली."

"म्हणजे लोक म्हणतील, सोयीचं तेवढं ठेवलं."

"मी नाही म्हणत," शिवम म्हणाला, पण तो खिडकीबाहेर बघत होता.

रागिणीनं वही मिटली. बाबांना, सूर्यभान सरांना, जाऊन दीड महिना झाला होता. घरात अजून त्यांची चप्पल दाराशीच होती. त्यांच्या वहीवर कुणी बोट ठेवावं, हे तिला सहन होणार नव्हतं. कारण शोधायला ती स्वतः निघाली होती.

"बाईसायेब, आज सोमवार अन् गाडीत कॅन नाई," ड्रायव्हर रामराव म्हणाला. "रिकामं रिकामं वाटून राह्यलं."

तिला हसू आलं. दर सोमवारी पहाटे अमरावतीच्या घरी नळ यायचा आणि बाबांचा वीस लिटरचा पांढरा कॅन भरणं हे तिचं काम असायचं. असे दोन कॅन होते. एक भरलेला जायचा, एक रिकामा परत यायचा. कामाला लागतं, असं बाबा सांगत.

"तुम्हीच वाटेत संपवायचात ना काका?"

"एकडाव प्यालो होतो, माय! बारा वर्सं तेच ऐकून राह्यलो. त्या दिवसापासून सायबानं मले कॅनले हात नाई लावू देल्ला. अन् तू त्याच्यावर रंगानं लिवून ठेवलं, माह्यासाठी!"

तेव्हा ती नववीत होती. लाल रंगानं, मोठ्या अक्षरांत, बाबांनी सांगितलं तसं.

गावच्या विहिरीशी शिवम थांबला. पाण्याचा नमुना घ्यायचा होता. त्यानं पोहरा ओढला, थोडं पाणी बाटलीत घेतलं, खळखळ हलवून फेकलं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा.

"ज्या विहिरीचं पाणी, त्याच पाण्यानं बाटली खंगाळायची," तो म्हणाला. "दुसरं थेंबभर लागलं तरी आकडा खोटा. सरांची पहिली शिकवण. तुम्ही व्हा पुढे. निळं दार, मनकर्णाबाई."

निळ्या दारात एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. रागिणीनं नाव सांगितलं. म्हातारीनं हातातली शेंग खाली ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघितलं.

"सायबाची लेक. नाक त्याईचंच हाय." मग पदरानं डोळे पुसले. "काहून गेले वं असे? काई दुखत होतं काय?"

"नाही, आजी. झोपेतच गेले."

"चांगल्या मानसाले देव लवकर नेते. अन् मले पाय, ठेवली हाय अजून."

रागिणीनं वही उघडली. "आजी, गावात एवढ्या लोकांना किडनीचा त्रास. तुम्हाला काही नाही. तुम्ही वेगळं काय खाता?"

"भाकर अन् ठेचा. आमच्या दातात दुसरं काय मावते?" म्हातारी हसली. मग बाहेर डोकावून तिनं आवाज खाली आणला. "तुले म्हनून सांगतो. सायबानं औषध देल्लं होतं."

रागिणीचा पेन थांबला.

"कसलं औषध?"

"मले का समजते? माहा मानूस अन् पोरगा, दोघंई किडनीनंच गेले. पयल्यांदा सायेब आले तवा म्या म्हनलं, तुमी आमचं रगत मोजता, पानी मोजता. मोजल्यानं पानी गोड होते काय? उठून गेले. दुसऱ्या सोमवारी औषध घेऊन आले. म्हने, कोनाले सांगू नको. एकालेच पुरते. माही नोकरी जाईन."

ज्यांचं रक्त तपासायचं, त्यांतल्याच एकीला गुपचूप औषध. हे खोडलेल्या ओळीहूनही वाईट होतं. बाहेर शिवमची पावलं येत होती. वही मिटावी, काही सापडलं नाही म्हणावं, असं तिच्या मनात आलं.

"घसा सुकला असन तुहा. थांब."

"साधं पाणी द्या, आजी."

"अव माय! सायबाच्या लेकीले खारं पानी पाजू काय? शेवटलं ठेवलं हाय जपून. औषधच पी."

म्हातारी आत गेली आणि पितळी पेला भरून घेऊन आली. रागिणीनं श्वास रोखून, कडू घोट गिळायच्या तयारीनं पेला ओठांना लावला.

कडू नव्हतं. खारट नव्हतं. त्याला कसलीच चव नव्हती.

"आजी, औषधाची बाटली दाखवता मला? वर नाव असेल."

"असन बाप्पा. मले कुठं वाचता येते." म्हातारीनं कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं. "पाय बरं, का लिवलं हाय?"

पांढरा कॅन होता. त्यावर लाल रंगात, नववीतल्या मुलीच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'फक्त बाटल्या धुण्यासाठी. पिऊ नये.'