शिडाला खांदा आला

मुक्ताबाईनं लोण्याचं गाडगं उलटंपालटं करून पाहिलं. काल घुसळलेलं सगळं लोणी गायब होतं. हळदीचा डबाही जागेवर नव्हता. आणि तिचे सासरे भिमाजीआबा दुपारपासून घरात नव्हते.

"अवं, मामंजी लोनी-हळद घिऊन गेलं जनू!" ती दारातूनच नवऱ्याला ओरडली. "उद्या पोळा हाय!"

मच्छिंद्र अंगणात होडीचं शीड मांडीवर घेऊन ठिगळ लावत बसला होता. त्याचा दाभण हातातच राहिला. पोळ्याच्या आदल्या दिवशी लोणी-हळद कशाला लागते, हे काय त्याला सांगायला हवं? दरवर्षी आबा संध्याकाळी बैलांचे जू घासून आलेले, सुजलेले खांदे शेकायचे, चोळून चोळून मऊ करायचे आणि घरच्या पाहुण्याला सांगावं तसं त्यांना दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आमंत्रण द्यायचे. पण यंदा दावणीला बैल होते कुठं?

बैल मच्छिंद्रनंच विकले होते. नेव्हीतून सुटून तो घरी आला तेव्हा चांगली जमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली. उरला होता तो नुसता माळ. त्यात बहात्तरचा दुष्काळ. चारा औषधालाही मिळेना. शेवटी काष्टीच्या बाजारात त्यानं चिमण्या-पाखऱ्याची जोडी दिली आणि त्या पैशात होडी बांधली. अलीकडची माणसं, पलीकडचा बाजार आणि मधे हे एवढं पाणी. होडी चालणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ती चाललीही.

पण आबांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. लेकाशी बोलणं बंद. एका पंगतीला बसणं बंद. रोज मुक्ताबाई आधी आबांचं ताट वाढायची, ते उठले की नवऱ्याचं. होडीचं तर त्यांनी नावच टाकलं होतं. "त्या लाकडाला मी जल्मात हात लावायचो न्हाई," असं त्यांनी सुनेला बजावलं होतं, लेकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मच्छिंद्रला सगळ्यात जास्त लागलं होतं ते हेच. गावानं कितीही वाहवा केली तरी बापाचा एक शब्द नाही, म्हणजे घास गोड लागायचा नाही.

त्यात शिडाचं दुखणं. वारा मागून असला की शीड फुगून डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारेवर रेलायचं आणि घासून घासून त्याच जागी फाटायचं. "मच्छिंद्रा, तुझ्या शिडापरीस माझं धोतर बरं की रं!" बाजाराला जाणारा छगन दर खेपेला हसायचा. मच्छिंद्रला इलाज माहीत होता. तारेलाच काहीतरी जाड, मऊ गुंडाळायचं. त्यानं चिंध्या बांधून पाहिल्या. वाऱ्यानं दोन खेपांत सुटल्या. घरात कामाची वस्तू एकच होती. चिमण्या-पाखऱ्याच्या मानेला रुतू नये म्हणून आबा जुवाला जी घोंगडी गुंडाळायचे, ती. पण ती आबांच्या उशाखाली असायची. मुक्ताबाईनं एकदा नुसता हात घातला तर म्हातारा केवढ्यांदा वसकला होता!

आता मच्छिंद्रनं आत जाऊन उशी उचलली. खाली घोंगडी नव्हती.

"बैल घेतले त्या माणसाकडं गेले असतील," तो म्हणाला. "परक्याच्या दावणीला जाऊन रडत बसतील, मुक्ते. माझ्यापायी."

"न्हाईतर पान्याकडं," मुक्ताबाई म्हणाली आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

दोघंही अनवाणीच धावत सुटली. माळ उतरून काठावर आली, आणि मच्छिंद्रनं मुक्ताबाईचा हात धरून तिला थांबवलं.

आबा होडीत होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मुंडासं काढून फळीवर ठेवलेलं. एका बाजूच्या तारेला अर्धी घोंगडी गुंडाळून सुतळीनं घट्ट शिवली होती. दुसऱ्या बाजूला उरलेली अर्धी बांधून झाली होती. आणि पहिल्या अर्धीवर म्हातारा वाटीतलं हळद-लोणी चोळत होता, सावकाश, अंगठ्यानं दाबून दाबून.

मच्छिंद्र पाण्यात शिरला. होडीच्या काठाला धरून उभा राहिला. आबांनी मान वर केली नाही.

"रोज त्याच जागी ठिगळ लावतूयास," ते म्हणाले. "खांदा आलाय त्याला. दिसत न्हाई व्हय?"

किती महिन्यांनी तो आवाज आपल्यासाठी निघाला! मच्छिंद्रचे डोळे भरून आले. लोण्यानं शीड तेलकट होणार होतं, पिवळा डाग कधी म्हणून निघणार नव्हता, वर उंदीर लागतील ते वेगळेच. नेव्हीत असं कुणी केलं असतं तर त्याची चामडी लोळवली असती.

"दिसतंय, आबा," तो म्हणाला. "त्या बाजूला बी लावा. तिकडं जास्त घासतंय."

आबांनी त्या बाजूलाही लावलं. वाटी बोटानं पुसून घेतली, उरलेलं डोलकाठीच्या बुडाला लावलं. मग बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा डोलकाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले,

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

हात धोतराला पुसत ते होडीतून उतरायला वळले. लेकानं हात पुढं केला. तो धरून पाण्यात पाय टाकताना, त्याच्याकडं न बघताच म्हणाले,

"आन् तू बी."