गुडघ्याएवढा मामा

दुकानाच्या दारातून घरपोच सामान नेणारी चार चाकांची गाडी फुटपाथवर उतरली. गुडघ्याएवढी उंची, पुढे कॅमेरा, मागे काठीला झेंडा, पोटात बिस्किटांचा पुडा. तिचा ड्रायव्हर दोन समुद्रांपलीकडे, एका खोलीत पडद्यासमोर बसला होता. गाडी जिथं धावत होती त्या देशानं त्याला दोनदा व्हिसा नाकारला होता. तिथल्या रस्त्यांवर गाडी हाकायला मात्र तिथल्याच कंपनीनं त्याला आनंदानं ठेवून घेतलं होतं.

पडद्यावर बहीण दिसली. तिच्या पायाशी चार वर्षांची भाची, पाठीला दप्तर लावून, फतकल मारून बसलेली.

"दादा, तूच ना?" बहिणीनं वाकून विचारलं.

गाडीतून ऐकू येई, बोलता येत नसे. त्यानं दिवा लुकलुकवला.

"शाळेचं नाव काढलं की ही अशी बसते. आज परत उशीर झाला तर मला कामावरून काढतील. पुडा शाळेच्या पत्त्यावर मागवलाय. आता तूच हिला चालव."

भाचीनं गाडी नीट न्याहाळली. "फोनमध्ये मामा मोठा असतो."

"इथं एवढाच मावला," बहीण म्हणाली.

भाचीला ते पटलं. ती उठली आणि झेंड्याची काठी धरून चालू लागली. बहीण दोन पावलं मागे राहिली.

खोलीत ड्रायव्हरांवर देखरेख करणाऱ्या मॅडम त्याच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. "गाडी का रांगतेय? बॅटरी गेली?"

"नाही मॅडम. भाची आहे बरोबर. पहिल्यांदाच चालतोय आम्ही."

नियम सांगायला मॅडमनी तोंड उघडलं, पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून घेतली.

"मग रस्त्याच्या बाजूनं तू चाल, तिला आतून घे. एवढंही कळत नाही? मामा कसला तू."

त्यानं गाडी रस्त्याच्या बाजूला घेतली. शेजारच्या पडद्यांसमोर बसलेले ड्रायव्हरही माना वळवून बघू लागली. भाची वाटेतली कुत्री, खड्डे, लाल दार असं सगळं मामाला दाखवत होती. तो प्रत्येक गोष्टीला दिवा लावत होता.

शाळेच्या फाटकावर पहारेकऱ्यानं हात आडवा केला. "गाड्या बाहेर."

"गाडी नाही. मामा आहे," भाची म्हणाली.

"मामाचं आत काय काम?"

"मला वर्गात सोडणार. मग लगेच परत जाणार. आजी वाट बघते त्याची."

पहारेकरी गुडघ्यावर बसला आणि कॅमेऱ्यात रोखून पाहू लागला. खोलीत कुणी हललं नाही. ड्रायव्हरनं नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

फाटक उघडलं.

"शीर, शीर," मॅडम कुजबुजल्या, "त्याचा विचार बदलायच्या आत."